विजोड सबची जोडी: देवळाच्या सभामंडपातल्या क्रॉसओव्हरच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

आधी तक्रार लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी तिचं काय झालं ते तपासता येईल. आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. चवथीच्या दिवसांत देवळाच्या सभामंडपात घुमट (एका तोंडाला चामडं लावलेलं मडक्याचं वाद्य) वाजवत आरत्या होतात, जत्रेला संगीत नाटक. गेल्या वर्षी माईकवर घुमट घेतलं आणि सगळ्यांना एकच खटकलं. घुमटाच्या चामड्यावर उजव्या हाताची थाप पडते आणि डावा पंजा मागचं तोंड झाकतो-उघडतो, त्याबरोबर सूर खालून वर सरकतो. माणूस समोर बसून वाजवतो तेव्हा तो सूर सलग असतो. आमच्या स्पीकरांतून मात्र खालचा घुमार येई, मग मधली पायरी गळे आणि एकदम वरचा टणत्कार येई. घुमटवाले दादा त्या दिवशी म्हणाले होते, "माझा हात चुकत नाही रे, तुझा डबा चुकतोय." त्यांचं बरोबर होतं.

सामान असं. १२ इंची दोन पॉवर्ड (आत ॲम्प असलेले) टॉप, म्हणजे मधले-वरचे स्वर वाजवणारे स्पीकर, चार वर्षांपूर्वी देवस्थान समितीने घेतलेले. एक १८ इंची पॉवर्ड सब, म्हणजे खालच्या स्वरांचा (बासचा) स्पीकर, पोर्टवाला (पेटीला हवेचं तोंड असलेला). आणि एक १५ इंची पॅसिव्ह सब, हाही पोर्टवाला. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून आलेली ही घरगुती प्लायची पेटी एका जुन्या ॲम्पवर चालते. दोन्ही सबचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नवा सब घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा आहे त्यालाच बसवायचं. कार्यक्रम शनिवारी, ३० ऑगस्टला. मी वेर्ण्याला कारखान्यात देखभालीचं काम करतो, म्हणजे हाताशी रविवार आणि अधूनमधून एखादी संध्याकाळ.

दोन आत-सहा बाहेर असा जुना प्रोसेसर (सिग्नल वाटून प्रत्येक पेटीला वेगळा देणारा डबा) म्हापशाहून १६,००० रुपयांना आणला. मोजमापाचा यूएसबी माईक ९,५०० रुपयांना. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

२७ जुलै, रविवार

अख्खी सकाळ वाया गेली आणि कारण अगदी साधं होतं.

प्रोसेसरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर सबला आणि वरचे टॉपला अशी वाटणी, लावला: सबला ८० हर्ट्झचा लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) आणि टॉपला ८० हर्ट्झचा हाय-पास (खालचं कापणारा). दोन्ही २४ डीबी उताराचे (दर सप्तकाला २४ डीबीने कापणारे), लिंकविट्झ-रायली प्रकारचे. हा प्रकार निवडायचं कारण एवढंच की क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही बाजू ६-६ डीबीने खाली असतात आणि फेज (लाटांच्या चढउताराची वेळ) जुळली की बेरीज सपाट येते. त्याच उताराचा बटरवर्थ हा दुसरा प्रकार तिथे फक्त ३ डीबी खाली असतो, त्यामुळे बेरजेत ३ डीबीचा उंचवटा येतो.

ऐकलं तर पूर्वीपेक्षा वाईट. १८ इंचीच्या पाठीमागची स्वतःची क्रॉसओव्हरची खुंटी ९० वर होती हे माझ्या ध्यानात दुपारी आलं. टॉपच्या मागेही "१००" असं लिहिलेलं एक बटण दाबलेलं होतं. म्हणजे सबला दोन लो-पास, टॉपला दोन हाय-पास. उतार दुप्पट, फेज भलतीकडे, मध्ये खड्डा. वर आणखी एक गोम. गेल्या वर्षी आम्ही सबच्या मागच्या "आऊट" मधून टॉपला वायर नेत होतो. तो आऊट जसाच्या तसा सिग्नल देतो असं मी धरून चाललो होतो. आज स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) वाजवून पाहिलं तर तो आधीच खालचं कापून पाठवतो.

आता खुंटी शेवटपर्यंत वर, १५० वर. या सबला ती पूर्ण बंद करायची सोय नाही, त्यामुळे तिचा थोडा परिणाम राहणारच. टॉपचं बटण सपाट. सबच्या आऊटला आता काहीही जोडायचं नाही. क्रॉसओव्हर एकाच ठिकाणी, प्रोसेसरमध्ये. तुम्ही हे काम काढलंत तर पहिल्यांदा टॉर्च घेऊन प्रत्येक पेटीची पाठ वाचा, मगच प्रोसेसरला हात लावा.

१ ऑगस्ट, शुक्रवार, संध्याकाळ

केबल बनवल्या. १० मीटरच्या सहा. एक्सएलआर जोड आणि वायर मिळून २,८४० रुपये.

रात्री साडेआठला दोन्ही टॉप लावले तर आवाज पातळ. मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो, समोर येतच नाही. मल्टीमीटर लावला. डाव्या टॉपच्या केबलीत पिन २ आणि पिन ३ उलटसुलट. मीच झाळलेली. पाच मिनिटांची दुरुस्ती, पण शोधायला दीड तास. प्रत्येक केबल दोन्ही टोकांना तपासून तिच्यावर पांढरी पट्टी लावली. पट्टी नसलेली केबल मंडपात आणायची नाही.

सभामंडप बंदिस्त नाही, त्यामुळे ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर बंद. चाचणीही त्यात आली. पावणेदहाला सगळं आवरलं.

३ ऑगस्ट, रविवार

मोजणीचा पहिला खरा दिवस. माईक फरशीवर आडवा ठेवला, व्यासपीठापासून ८ मीटरवर, मधल्या रेषेत. स्टँडवर ठेवला तर थेट आवाज आणि फरशीवरून परतलेला आवाज यांची भेसळ आलेखात दिसते. फरशीवरच ठेवला की ती जवळजवळ नाहीशी होते.

दोन अडचणी. एक, लॅपटॉप चार्जरवर असताना मिक्सरमध्ये हम. चार्जर काढला, बॅटरीवर चालवला, गेला. कुणीतरी सुचवलं की ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढ म्हणजे हम जाईल. तसं अजिबात करू नका. श्रावणात आमची फरशी ओली असते आणि पोरं अनवाणी फिरतात. दुसरी अडचण पाऊस. सर कौलांवर आली की स्वीप वाहून जातो. लांबीचा स्वीप घेतला आणि सरींच्या मधल्या उघडिपी पकडल्या. तीन तासांत नीट अशा ११ मोजण्या मिळाल्या.

एकेक पेटी वेगळी मोजली. टॉप ६५ हर्ट्झपर्यंत तग धरतात, खाली कोसळतात. १८ इंची ३८ पासून वर छान. १५ इंचीला ७० च्या आसपास फुगवटा, ५० च्या खाली फारसं काही नाही.

मग दोन्ही सब एकत्र लावले. ४५ हर्ट्झला दोघांचा मिळून आवाज एकट्या १८ इंचीपेक्षा कमी आला! दोनदा मोजलं, तेच. एका सबची पोलॅरिटी (+ आणि − ची दिशा) उलटी केली तर ४५ सुधारलं आणि ८० च्या आसपास मोठा खड्डा पडला. रात्रभर हेच डोक्यात होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळ

कारण सापडलं. ते पाहायला मला भटजींची उदबत्ती उपयोगी पडली.

पोर्टवाल्या पेटीत एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकू) जवळजवळ थांबतो आणि सगळी हवा पोर्टमधून मारली जाते. ती त्या पेटीची लागलेली जागा. १५ इंचीच्या कोनावर खडूचा बारीक ठिपका काढला, टॉर्च तिरका धरला आणि अगदी कमी आवाजात साईन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सूर) वाजवत ७० वरून खाली आलो. ६० ला ठिपक्याची रेघ होती. ५४ ला रेघ आखूड. ४८ ला ठिपका स्वच्छ, गोल, स्थिर. पोर्टपुढे उदबत्ती धरली तर सरळ वर जाणारा धूर तिथेच फाटून दोन्हीकडे उडत होता. ४२ ला ठिपक्याची पुन्हा रेघ झाली आणि तीही पहिल्यापेक्षा लांब. १८ इंचीचं तेच करून पाहिलं, ठिपका ३६ ला थांबला.

म्हणजे ३६ ते ४८ या पट्ट्यात १८ इंची आपल्या लागलेल्या जागेच्या वर आहे आणि १५ इंची खाली. त्या जागेच्या खाली गेलं की पोर्ट आणि कोन एकमेकांविरुद्ध काम करतात आणि पेटीची फेज फिरते. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. पोलॅरिटीच्या एका बटणाने हे सुटणार नाही, कारण वर दोघं एका दिशेला आहेत आणि खाली विरुद्ध. शिवाय ४८ च्या खाली १५ इंचीचा कोन मोकाट हलतो, तो आवाज न देता फाटेल.

उपाय एकच दिसतो: १५ इंचीला खालचं काम देऊच नये.

१० ऑगस्ट, रविवार

१५ इंचीला ५५ हर्ट्झचा २४ डीबी हाय-पास दिला. खालची मारामारी थांबली, पण ६० ते ७० मध्ये नवा खड्डा. इतका तीव्र फिल्टर आपली फेज घेऊन वरपर्यंत येतो. मग ४८ ला १२ डीबीचा लावला. तो सौम्य, त्यामुळे वर फारशी ढवळाढवळ नाही, आणि ४८ च्या खाली कोनाला पुरेसा लगाम. १८ इंचीलाही ३२ चा हाय-पास, केवळ जिवासाठी.

आता डिले, म्हणजे लवकर पोचणाऱ्या पेटीला मुद्दाम दिलेला उशीर. १८ इंचीच्या पोटात डीएसपी (सिग्नलवर आकडेमोड करणारी चिप) आहे, त्यामुळे तो उशिरा बोलतो. १५ इंची जुन्या ॲम्पवर, त्यात उशीर नाही. दोन्ही शेजारी ठेवूनही १५ इंची ३.४ मिलिसेकंद आधी पोचत होता. आमच्या हवेत २८ अंशांना ध्वनी साधारण ३४८ मीटर सेकंदाला जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३५ सेंटीमीटर. त्या ३.४ वरून सुरुवात केली, मग ५५ ते ११० मधल्या फेजच्या रेघा एकमेकींवर आणत ४.१ वर थांबलो. दोघांमधला फरक आता त्या पट्ट्यात ४० अंशांच्या आत आहे आणि बेरीज एकट्यापेक्षा ५ डीबीहून वर येते. अगदी सारख्या दोन पेट्यांना ६ मिळाले असते. या जोडीकडून एवढं आलं, मी समाधानी आहे.

दुपारी एक घोटाळा. उत्साहात आवाज वाढवला आणि १५ इंचीतून तापलेल्या लाखेसारखा वास आला. लगेच बंद. कोन हाताने हळू दाबला, घासत नव्हता, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) वाचली. त्यावर ३०० वॅट, ८ ओम लिहिलंय. ३०० गुणिले ८ म्हणजे २,४००, त्याचं वर्गमूळ ४९ व्होल्ट. पण तो आकडा नव्याकोऱ्या कॉइलसाठी. स्पीकर काढून ठेवला, ६० हर्ट्झचा साईन दिला, ॲम्पच्या टोकांना मल्टीमीटर लावून प्रोसेसरचा लिमिटर (ठरावीक पातळीवर सिग्नल रोखणारा) ३५ व्होल्टला बांधला. म्हणजे १५० वॅटच्या आसपास. ॲम्पचा पंखाही अडखळत होता, तो बदलला, ४५० रुपये.

जोडी विजोड असली की ताकद कमजोर पेटीची धरावी लागते. १५ इंची लिमिटरमध्ये गेला आणि १८ इंची वाढत राहिला तर मोठ्या आवाजात सगळं गणित बदलतं. म्हणून दोघांचा पल्ला मोजून सारखा केला आणि १८ इंचीचा लिमिटरही खाली आणला.

१३ ऑगस्ट, बुधवार, संध्याकाळ

जागेचा प्रश्न. पूर्वापार एक सब डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये ९ मीटर. मधल्या रेषेत बास छातीवर येतो, दोन पावलं सरकलं की गायब. टेप घेऊन हिशेब केला. ८ मीटर मागे, मध्यापासून २ मीटर उजवीकडे बसलेल्या माणसाला एक सब ८.४ मीटरवर आणि दुसरा १०.३ मीटरवर. फरक १.९ मीटर, ९० हर्ट्झची जवळपास अर्धी लांबी. म्हणजे घुमटाच्या सुराच्या बरोब्बर मध्ये दोन्ही सब एकमेकांना खोडतात. गेल्या वर्षी तिथे बायकांची बसायची जागा होती. आई नेहमी म्हणायची की आम्हाला नुसती कासाळं (झांजा) ऐकू येतात.

दोन्ही सब व्यासपीठाच्या पुढे, मध्यावर, बाजूला बाजू लावून ठेवले. हार्मोनियमवाले काका नाराज, कारण ती त्यांची आणि तबल्याची जागा. त्यांचं म्हणणं रास्त आहे, बास अंगावर घेऊन सूर कसा लावायचा? काकांना आणि तबल्याला डाव्या कोपऱ्यात हलवून त्यांच्यासाठी वेगळा मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) मांडायचं ठरलं. काका चहा पिऊन गेले तेव्हा तयार झाले होते.

१७ ऑगस्ट, रविवार

टॉप आणि सब जुळवायचा दिवस. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

८० हर्ट्झ सोडून १०० वर आलो. जो तो ८० सांगतो म्हणून मी ८० धरलं होतं. आमचे टॉप ६५ ला कोसळतात, त्यामुळे ८० ला त्यांची स्वतःची उतरती कळा सुरू झालेली असते आणि फिल्टरच्या उतारात ती मिसळते. १०० ला टॉप अजून ठाम आहेत. सब मध्यावर असल्याने १०० पर्यंत वाजले तरी आवाज कुठून येतोय हे खटकत नाही.

मग डिले. टॉप माईकपासून ८.९ मीटर, सब ८. सॉफ्टवेअरमध्ये एका टॉपला वेळेचा संदर्भ धरून दोघांचे इम्पल्स (एका क्षणिक ठोक्याला मिळणारा प्रतिसाद) काढले आणि शिखराला शिखर जुळवलं. टॉपला १२.७ मिलिसेकंद डिले आला. आलेखात १०० हर्ट्झला बेरीज झकास. मी खूश.

भाचा घुमट घेऊन बसला होता, त्याला वाजवायला सांगितलं. थाप दोनदा ऐकू आली. आधी खालून "धुम्" आणि मागून चामड्याची "टक". पुन्हा वाजवायला लावलं, तेच. आलेख बरोबर म्हणतोय आणि कान नाही म्हणतोय.

दोन तास खपलो. चूक अशी: सबचा इम्पल्स टोकदार नसतो, पसरट लाटांचा असतो. त्यातला दुसरा फुगवटा पहिल्यापेक्षा उंच होता आणि मी तोच शिखर म्हणून पकडला. १०० हर्ट्झचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. मी बरोब्बर एक आवर्तन पुढे गेलो होतो. त्यामुळे १०० ला फेज जुळल्यासारखी दिसते, पण ७५ ला आणि १३० ला ९० अंश किंवा त्याहून जास्त फाटलेली असते. शिखरं सोडून दिली. ७० ते १४० मध्ये दोन्ही फेजच्या रेघांचा उतार समांतर होईल असा डिले शोधला. २.७ वर दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या.

पडताळा म्हणून सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी केली. १०० ला २० डीबीहून खोल, रुंद खड्डा, दोन्ही बाजूंना सारखा. १२.७ ला हाच प्रयोग केला तर खड्डा अरुंद होता. पोलॅरिटी परत सरळ केली आणि बटणावर चिकटपट्टी लावली.

भाच्याने पुन्हा वाजवलं. एक थाप, एकच.

२४ ऑगस्ट, रविवार

घुमटवाले दादा आणि त्यांचं पथक तालमीला आलं. चार घुमटं, एक शामेळ (साथीचं तालवाद्य), कासाळं. दादांचं घुमट जुनं आहे, मडकं आजोबांचं, चामडं मात्र आता बकऱ्याचं. घोरपड संरक्षित आहे, तिचं चामडं वापरता येत नाही. ते सांगतात की बकऱ्याच्या चामड्याला ताण वेगळा लागतो आणि पावसात ते लवकर सैल पडतं. त्यांनी वाजवण्याआधी चामडं दिव्याजवळ धरून शेकलं.

माईक घुमटाच्या मागच्या तोंडापासून वीतभर लांब. तोंडाला चिकटवला तर पंजा उघडताना हवेचा फटका बसतो आणि लिमिटर उगाच जागा होतो. चामड्याच्या बाजूला दुसरा माईक लावून पाहिला, पण दोन माईक एकमेकांना खाऊ लागले, काढून टाकला. घुमटांच्या चॅनलला लो-कट नाही, गाणाऱ्यांच्या सगळ्या चॅनलना ११० चा लो-कट.

दादांना म्हटलं, पंजा अगदी हळू उघडा. मी मंडपभर फिरलो. बायकांच्या जागेपाशी थांबलो, खांबाच्या मागे गेलो, पार दीपस्तंभापर्यंत. सूर खालून निघाला आणि वर पोचेपर्यंत कुठे तुटला नाही. दीपस्तंभाजवळ बास कमी आहे, तिथे उघडं आकाश, तेवढं चालेल. उजव्या भिंतीच्या कोपऱ्यात ५८ ला घुमार उठतो. चिऱ्याची ती भिंत आहे, म्हणून ५८ ला ४ डीबीने अरुंद कापलं. संपूर्ण सबवर केलेलं एवढं एकच ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करणं).

३० ऑगस्ट, शनिवार

आरती साडेसहाला सुरू, पावणेदहाला सगळं बंद. मध्ये एकदा वीज गेली, जनरेटर येईपर्यंत सात मिनिटं. प्रोसेसर चालू होताना सेटिंग नीट आलं, पण १८ इंचीने धाडकन आवाज केला. पुढच्या वेळी वीज जाताच आधी सबचे स्विच बंद करायचे आणि परत आल्यावर सगळ्यात शेवटी चालू करायचे.

१५ इंचीचा लिमिटर पूर्ण संध्याकाळभरात दोनदा लुकलुकला. कॉइलला वास नाही.

आई तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. आरती संपल्यावर तिनेच विचारलं, "यंदा घुमटं जास्त होती का रे?" चारच होती, गेल्या वर्षीइतकीच.

३१ ऑगस्ट, रविवार

आवराआवर. एकूण खर्च २८,७९० रुपये. वेळ साधारण ६० तास, त्यातले निम्मे चुका शोधण्यात. १५ इंचीच्या कडेला बुरशीची सुरुवात आहे, कोरड्या कापडाने पुसली. पेटी आता फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवली आहे.

प्रोसेसरच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला आहे: क्रॉसओव्हर १०० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली २४. टॉप डिले २.७. सब १५ डिले ४.१, हाय-पास ४८, उतार १२, लिमिटर ३५ व्होल्ट. सब १८ डिले शून्य, हाय-पास ३२, पाठीमागची खुंटी १५० वर. टॉपचं बटण सपाट. दोन्ही सब मध्यावर, चिकटून. यातलं काहीही हललं, अगदी एक पेटी दोन हात सरकली, तरी डिले पुन्हा मोजायचा. जत्रेत संगीत नाटकाला व्यासपीठ पुढे येतं, तेव्हा मोजावाच लागेल.